गुरांची टाकी, नोंद ३: झाकणाचं भोक आणि उष्णतेचा हिशेब

हिवाळ्यात गुरांचं पिण्याचं पाणी गोठू नये म्हणून टाकीभोवती पेटी बांधतोय, त्याची ही नोंद. ठिकाण अमेरिकेतलं दक्षिण मिनेसोटा. टाकी १०० गॅलनची, म्हणजे ३७८ लिटर, गाई ४. भोवतीची पेटी पूर्ण झाली. चारी बाजूंना आणि झाकणाला ५ सेंमी एक्सपीएस फोम (थर्माकोलच्या जातीचा, पण घट्ट आणि कडक), वरून प्लायवूड. फोम उघडा राहिला तर गुरं कुरतडतात, उंदीर पोखरतात आणि फटीतून वारा आत शिरतो.

हिशेब असा: बाहेर उणे २० अंश, पाणी शून्याच्या जरा वर. बाजू आणि झाकण मिळून ३.६ चौरस मीटर, त्यातून सुमारे ४१ वॅट जातात. पिण्यासाठी ३० बाय ३० सेंमीचं भोक आहे. उघड्या पाण्यातून वाऱ्यात चौरस मीटरला, दर अंशामागे २५ वॅट धरले, तर तेवढ्याशा भोकातून ४५ वॅट जातात. अख्ख्या पेटीपेक्षा जास्त! म्हणजे फोम आणखी जाड करण्यात हशील नाही. भोकात तरंगती फोमची फळी बसवायची. गाय नाकाने दाबते आणि पिते. फळी चारी बाजूंनी १ सेंमी लहान ठेवा, नाहीतर कडेला बर्फ धरून ती अडकते. भोक वाऱ्याच्या आडोशाला असावं.

फळी नसतानाचा उष्णतेचा रोजचा तोटा सुमारे २.१ युनिट. विहिरीचं पाणी ८ अंशांचं धरलं आणि गाई रोज १४० लिटर प्यायल्या, तर टाकीत नव्याने येणाऱ्या पाण्यातूनच १.३ युनिट परत मिळतात. दोन शेळ्या पितातच थोडं, नवं पाणी कमी येतं, म्हणून त्यांच्यासाठी एवढी मोठी टाकी ठेवली तर ती गोठते. उरलेल्या ०.८ युनिटला २५० वॅटचा हीटर दिवसाला तीन-सव्वातीन तास चालला की पुरे. १५०० वॅटचा लागतो तो उघड्या टाकीला.

हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट पाण्यात बुडालेला हवा. २ अंशांना चालू होणारा प्लग हवेचं तापमान बघतो. इथल्या जानेवारीत तो जवळजवळ बंदच होत नाही. काहीजण टाकीत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या तरंगत ठेवतात. त्या उष्णता देत नाहीत, फार तर हलून बर्फाची पातळ साय मोडतात.

पुढचं काम नळाचं. पाइप १.८ मीटर खोलीवरून थेट टाकीखाली वर येईल, भोवती ३० सेंमी रुंद मोकळी नळी, म्हणजे खालची ऊब वर चढेल. फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी भरलं की आपोआप बंद होणारा तरंगता नळ) झाकणाच्या आतच. सगळ्यात आधी गोठतो तो तोच. हीटर लावल्यावर मल्टिमीटरने पाणी आणि जमीन यांच्यातलं व्होल्टेज मोजायचं, म्हणजे पाण्यात करंट उतरून गाईंना झटका बसत नाही ना, ते कळतं. गाई अचानक पाणी टाळू लागल्या तर बर्फाआधी हे तपासा.