पिक्चर भारीच, पण सोफीची जादू कुठे गेली?

जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (२००४) हा पिक्चर ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघणाऱ्या बहुतेकांनी पाहिलाय, पण डायना विन जोन्सचं १९८६चं मूळ पुस्तक वाचलेलं कोणी भेटतच नाही, म्हणून हे लिहितेय. पुढे स्पॉयलर आहेत.

सोफी म्हणजे टोप्यांच्या दुकानातली तरुण पोरगी, जिला एक चेटकीण शाप देऊन म्हातारी करते आणि मग ती हाऊल या जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात राहायला जाते. पुस्तकातली सोफी दुकानात एकटी बसून टोप्यांशी बोलत असते. एका टोपीला म्हणते, तुझ्यावर कोणीतरी बडी असामी भाळणार बघ, आणि ती टोपी घेणारी पोरगी खरंच एका काउंटबरोबर पळून जाते! आपण बोलतो त्यात जीव येतो याचा सोफीलाच पत्ता नसतो. काठीशी बोलते, बुजगावण्याशी बोलते आणि शेवटी हाऊलच्या चुलीतल्या आगीच्या भुताला, कॅल्सिफरला, अजून हजार वर्षं जग म्हणते तेव्हा तो जगतो, कारण तिच्या जिभेत काय आहे ते आपण सुरुवातीपासून बघत आलेलो असतो. पिक्चरमध्येही ते हजार वर्षांचं आहे बरं का, पण मागचं सगळं उडवल्यामुळे तिथे ती नुसती प्रार्थना वाटते, प्रेमाने सगळं ठीक झालं टाइप. म्हातारी सोफी झोपली की तरुण दिसते हे मात्र मियाझाकीने काय सुंदर केलंय.

आणि किल्ल्याचा तो जादूचा दरवाजा, मुठीचा रंग फिरवला की वेगळ्याच ठिकाणी उघडणारा! काळा रंग खाली आला की पुस्तकात तो उघडतो थेट वेल्समध्ये, आपल्या जगात, जिथे हाऊल म्हणजे हॉवेल जेन्किन्स, बहिणीची बोलणी खाणारा, रग्बी क्लबमधून पिऊन घरी येणारा माणूस. मी तर हसून लोळले होते. पिक्चरमध्ये तोच काळा दरवाजा युद्धाच्या अंधारात उघडतो. इराक युद्धाचा मियाझाकीला प्रचंड राग होता, तो इथे उतरलाय, आणि बॉम्ब पडतानाचे सीन अंगावर येतात हे खरंच, पण त्या नादात माझा नखरेल, पळपुटा हाऊल एकदम ट्रॅजिक हिरो होऊन बसला ना.

किल्ला मात्र पिक्चरचाच. पुस्तकात चार काळे बुरुज आहेत, ठीक आहे, पण ते कोंबडीच्या पायांवर खडखडत चालणारं भंगार बघितल्यावर बुरुज कोणाला आठवणार!

चेटकिणीचं मला अजून पटत नाही. पुस्तकात शेवटपर्यंत डेंजर बाई, आणि इथे अर्ध्या पिक्चरनंतर तिची गोड आजी करून टाकली, सोफी तिला भरवतेय काय, सांभाळतेय काय. जिने शाप दिला तिच्यावर एकदा तरी भडक ना गं बाई!