रेखाटनासाठी मागवलेला पुतळा आणि अडून बसलेले पार्सल

वडोदऱ्यात फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांना समोर माणूस बसवून अभ्यास करता येतो. दांडिया बाजारात राहून, नोकरी सांभाळून रात्री वही उघडणाऱ्याला ती सोय नाही, आणि घरची मंडळी पाच मिनिटांत हात खाली टाकतात. दुकानात मिळणारा लाकडी मॅनिकिन (सांधे वळवता येणारा पुतळा) प्रमाण समजण्यापुरता ठीक असतो, पण त्याला ना मूठ वळता येते ना खांदा उचलता येतो. म्हणून जपानहून ‘बॉडी-कुन’ नावाचा पुतळा मागवला: सुमारे १५ सेंटिमीटर उंची, जवळजवळ प्रत्येक सांधा वळणारा, सोबत हातांच्या बदलत्या जोड्या.

पार्सल देशात चटकन आले आणि मग जागचे हलेना. पाठवणाऱ्याने सीमाशुल्काच्या घोषणापत्रावर ‘खेळणे’ असे लिहिले होते, त्यामुळे कुरिअर कंपनीने माझ्याकडे बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) प्रमाणपत्र मागितले. खेळण्यांसाठीचा २०२०चा गुणवत्ता आदेश चौदा वर्षांखालील मुलांच्या वस्तूंसाठी आहे आणि तो परवाना उत्पादकाने घ्यायचा असतो, हे मी ज्यांना ज्यांना समजावले, त्या प्रत्येकाने ‘आपली कागदपत्रे अपूर्ण आहेत’ एवढेच उत्तर दिले. त्यातच केवायसी नाकारली गेली, कारण पार्सलवर नाव आणि आडनाव होते, तर आधारवर मधे वडिलांचे नावही होते. मराठी माणसाच्या नावात वडील असतात, हे संगणकाला कोण सांगणार? शेवटी खोक्यावरच्या ‘१५ वर्षे व अधिक’ या छापील सूचनेचे छायाचित्र विक्रेत्याकडून मागवून, ही वस्तू चित्रकलेच्या अभ्यासासाठी आहे असे पत्र जोडले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. सीमाशुल्क अर्थातच खेळण्याचेच लागले. ते २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झाले आहे, म्हणून मागवण्यापूर्वी हिशेब करावा आणि घोषणापत्रावर काय लिहिणार, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

आता तो टेबलावर उभा आहे आणि माझा राग बराच निवळला आहे. उजेड एकाच बाजूने द्यावा, म्हणजे छातीचा आणि ओटीपोटाचा घनाकार वेगळा दिसतो. पुतळा माणसाच्या साधारण एक द्वादशांश आहे, त्यामुळे फोटो काढताना मोबाइल वीस सेंटिमीटरवर धरला तर ते माणसाकडे सुमारे अडीच मीटरवरून पाहण्यासारखे होते. त्याहून जवळ गेल्यास पुढचा हात उगाच अवाढव्य होतो, म्हणून लांबून झूम करावे. पुतळ्याला वजन नसते, ही मोठी अडचण आहे. माणूस एका पायावर भार टाकतो तेव्हा त्या बाजूचे कमरेचे हाड वर जाते आणि खांदा खाली येतो. पुतळ्याला हे आपणच करून द्यावे लागते, नाहीतर रेखाटनातला माणूस खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. मांडीवर कोपर टेकल्यावर दबणारे मांस तर त्याच्याकडे नाहीच; त्यासाठी मी अजूनही आरशासमोर बसतो.

हो, आणि पार्सलवर आधारवरचेच पूर्ण नाव द्यावे.