‘३६ चेंबर्स’ची खरखर येते कुठून?

वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप गटाचा ‘एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)’ हा अल्बम नोव्हेंबर १९९३ मध्ये आला. त्याचा आवाज कच्चा आहे असं सगळेच म्हणतात आणि ब्रुकलिनच्या साध्यासुध्या फायरहाउस स्टुडिओकडे बोट दाखवून मोकळे होतात. पण त्या खरखरीत सॅम्पलरचा, म्हणजे रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा (सॅम्पल) साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राचा, वाटाही मोठा आहे.

गटाचा निर्माता आरझेडए, त्याच्या हाताशी तेव्हा ई-म्यू एसपी-१२०० आणि एन्सोनिक ईपीएस ही सॅम्पलर यंत्रं होती. एसपी-१२०० म्हणजे १२ बिटची अचूकता, सेकंदाला २६.०४ हजार वेळा आवाज मोजणं (२६.०४ किलोहर्ट्झ), मेमरी एकूण १० सेकंदांची आणि एका सॅम्पलला फार तर अडीच सेकंद. मिनिटाला ९० बीट धरले तर चार बीटचा बार (तालाचं एक आवर्तन) २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे एक अख्खा बारही मावत नाही! त्या काळची सर्रास चालणारी युक्ती अशी: मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून सॅम्पल करायची, तोच बार १.९८ सेकंदांत उरकतो. मग सॅम्पलरवर पिच (स्वराची उंची) साधारण पाच सेमीटोन, म्हणजे पाच अर्धस्वर, खाली आणायचा. जागा वाचते, पण मूळ रेकॉर्डमधलं साडेनऊ किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं जातं. शिवाय पिच उतरवताना हे मशीन मधले बिंदू नव्याने काढत नाही, जुनेच पुन्हा वाजवतं. त्यातून एक धातूसारखी किणकिण वर चढते.

लूप, म्हणजे सतत फिरवायचा तुकडा, कसा निवडावा हे अल्बममधल्या ‘क्रीम’ या गाण्यात ऐका. त्यातला पियानो द चार्मेल्स या गायकगटाच्या १९६७ च्या प्रेमगीतातला. तेवढाच तुकडा फिरत राहिला की त्यातलं प्रेम उडून जातं आणि उरते ती उदासी.

आता या आवाजाची नक्कल करणारे घोळ घालतात तो इथे: बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) थेट मास्टरवर, म्हणजे अख्ख्या मिश्रणावर. त्याने किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि रॅप, दोन्हींचा चोथा होतो. तो प्रत्येक सॅम्पलवर वेगळा लावा. लूपमधलं १५० हर्ट्झच्या खालचं कापा आणि बेस स्वतंत्र वाजवा. वरून व्हिनाइलची खरखर चिकटवणं तर निव्वळ नटवेपणा.

हुकचीही (पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदाची) घाई नको. ‘प्रोटेक्ट या नेक’ या गाण्यात गटातले आठ रॅपर एकामागून एक येतात, हुक नाहीच. (नववा मास्टा किल्ला, त्याच्या वाट्याला अख्ख्या अल्बमवर एकच व्हर्स, म्हणजे एकच कडवं.) इतके वेगळे गळे एकाच बीटवर चढवायचे तर ५०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो. तिथे पियानो आणि रॅप भिडले तर आधी त्या पट्ट्यातला पियानोचा आवाज कमी करा.