तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला रोल मॉडेल कोण सांगू?

शाळेत पीटी घेतो त्यामुळे पालक हमखास विचारतात, सर, आमचा दिवसभर रील्स बघत बसतो, त्याला चांगला रोल मॉडेल सांगा ना कुणीतरी.

मी खाशाबा जाधवांचं नाव घेतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण मी पोरांना पदकाचं कमी आणि पैशाचं जास्त सांगतो. १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते, गादीवरच्या कुस्तीची सवय नाही, सगळी तयारी लाल मातीतली. चार वर्षं परत घाम गाळला आणि हेलसिंकीला जायची वेळ आली तर खिशात पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक वगैरे झालीच, पण नंतर ह्या माणसानं कुस्त्या लावल्या, त्यातून आलेल्या पैशातून आधी सरांचं घर सोडवलं. माझ्या मते रोल मॉडेल तो इथे होतो, पोडियमवर नाही. कुणाचं देणं लागतो ते लक्षात ठेवायचं आणि हार गळ्यात असतानाच फेडायचं, हे जमणारी माणसं फार कमी बघितलीत मी.

मागे नववीतल्या एकाने विचारलं, पण सर, त्यांना मिळालं काय? आता खोटं कसं बोलणार. पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले, वर्षानुवर्षं त्याच पोस्टवर, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही गेल्यावर. मी हे सगळं सांगतो, लपवत नाही, कारण नुसती चकचकीत गोष्ट सांगितली की पोरं जांभया देतात, त्यांना बरोबर कळतं आपण काहीतरी गाळतोय ते.

आणि खरं सांगू का, पालकांनो, पोरांसाठी खाशाबा आहेतच, आपल्यासाठी खर्डेकर सर आहेत. त्यांचं नाव कुणी विचारत नाही. त्याच पोराचा पुढचा प्रश्न होता, सर, तुम्ही कुणासाठी काय गहाण ठेवलंय? मी म्हटलं, चल, ग्राउंडला दोन राऊंड मार. माझ्या खात्यावर एक स्पाइक्सची जोडी आहे फक्त, तीही सेलमधली.