सरकार तुमचंच ना, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तोंडी उत्तर पुष्कळदा देऊन झालं, पण गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात पातळभाजी-पाव खाताना दिलेलं उत्तर बिल येईपर्यंतच टिकतं. विचारणारे बहुतेक माझेच जुने विद्यार्थी. कोणी आता पंच आहे, कोणी ट्रकमालक (होता, खाणी बंद पडेपर्यंत). प्रश्न ठरलेला: "सर, तुम्ही देवळातले, एकादशी धरणारे. मग सरकाराचेर इतले कित्याक तापतात? सरकार तुमचेंच न्हय?"

आहे ना, माझंच आहे. मी जुन्या वळणाचा माणूस आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलीच पाहिजे, घरातल्या थोरांना विचारल्याशिवाय जमीन विकू नये, मुलांची पहिली चार वर्षं आपल्या भाषेत जावीत, हे सगळं मी मानतो. मत कोणाला देतो ते सांगत नाही, पण तुम्ही बांधलेला अंदाज बहुधा बरोबर असेल. घोटाळा होतो तो यापुढे. माणूस जुन्या वळणाचा म्हटला की त्याला दांडगं सरकार आवडत असणार, असं लोक धरून चालतात. मला हे गणित कधी सुटलं नाही. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेलं टिकावं असं ज्याला वाटतं, त्याने एका सहीत सगळं फिरवू शकणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भ्यायला हवं, मग सही आपल्या माणसाची का असेना. खुर्ची तिथेच राहते, माणूस बदलतो. गोव्यात तर माणूसही तोच राहतो, पक्ष तेवढा बदलतो. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार एका दिवसात भाजपचे झाले, २०२२ च्या सप्टेंबरात आणखी आठ. ज्यांच्याविरुद्ध लोकांनी उन्हात उभं राहून मत दिलं, त्यांच्याच शेजारी लोकांनी निवडलेले जाऊन बसले. कोणी कोणाला विचारलं नाही.

आमच्या गावाच्या वेशीवर राखणदाराची जागा आहे. मूर्ती नाही, एक दगड आणि त्यावर वाकलेला चाफा. रात्री तो गावाची हद्द फिरून येतो, अशी समजूत. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडताना लोक त्याला नव्या वहाणा ठेवतात, सोबत रोट आणि विडी. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, तो आपल्या घरात का येत नाही? ती म्हणाली, "ताचें काम शिमेर. घरांत आमी आसात मगो." सरकार म्हटलं की मला अजून तो दगड आठवतो. हद्दीवर वहाणा झिजवणारं सरकार मला हवंच आहे, ते स्वयंपाकघरात डोकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी गोमांस खात नाही, म्हापशाचा माझा मित्र खातो, आणि आमच्या दोघांच्याही ताटात सरकारचं काही काम नाही.

अंगणात शिरलेलं सरकार गोव्याने पाहिलेलं आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढलं, त्यात धर्मांतरितांनी काय काय करू नये याची लांबलचक जंत्री होती. अंगणात तुळस लावू नये, हे त्यातलंच एक. डिचोली त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हती, अठराव्या शतकाच्या शेवटी गेली, म्हणून आमच्याकडच्या तुळशी वाचल्या.

आता माझी स्वतःची गोष्ट. गावच्या देवस्थान समितीवर मी सहा वर्षं खजिनदार होतो. गोव्यातली देवस्थानं आजही १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याखाली चालतात, अंदाजपत्रक सरकारदरबारी मंजूर करून घ्यावं लागतं. एका वर्षी एका कचेरीतून (नाव नको, तो कारकून केव्हाच निवृत्त झाला) आमचा कागद परत आला. शेरा होता, दिवजोत्सवासाठी लागणाऱ्या दिवजांची (मातीच्या दिव्यांची) तीन कोटेशनं जोडावीत. आमच्याकडे दिवजं करणारा कुंभार एकच. त्याचा बाप आम्हालाच दिवजं द्यायचा आणि मोबदला भातात घ्यायचा. कोटेशन म्हणजे काय, हे त्याला समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली. शेवटी एक कोटेशन त्याच्या नावाचं, दुसरं त्याच्या मेहुण्याचं, जो मडगावात वेल्डिंग करतो, आणि तिसरं मीच वेगळ्या शाईने, डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं. दर नगामागे दोन रुपये चढा. कागद आठ दिवसांत मंजूर. सहा वर्षांत देवाच्या हिशेबात मी केलेलं खोटं तेवढंच, आणि तेही नियम पाळण्यासाठी.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात आणि मी जिंकतो. पण ३ मे २०२५ नंतर मी ती सांगायचं कमी केलंय. त्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. अरुंद वाट, उतार, दोन्ही अंगांना दुकानं आणि हातात बेत (वेताची काठी) घेतलेल्या धोंडांची, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांची, दाटी. माणसं दगावली. माझा भाचा त्या रात्री धोंडांत होता. सकाळी सातपर्यंत त्याचा फोन लागत नव्हता. त्या तीन तासांत देवस्थानाच्या स्वायत्ततेचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. एवढंच वाटत होतं, की कुणीतरी दंडुका घेऊन ती दुकानं आदल्या दिवशी मागे का हटवली नाहीत? भाचा सुखरूप आला, एका पायात चप्पल नव्हती. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबमध्ये आग लागून २५ जण गेले. त्या बांधकामाबद्दल आधीपासून तक्रारी होत्या, नोटिसा होत्या, नोटिसांना स्थगित्या होत्या. दिवजांच्या तीन कोटेशनांसाठी आमचा कागद अडवणाऱ्या यंत्रणेला तिथे काही अडवता आलं नाही. सरकार नकोच, असं मी म्हणतो असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एवढा भाग दोनदा वाचावा.

माझ्या बहिणीचं सासर मयेत आहे. बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. मये गावातली बहुतेक जमीन पोर्तुगीज राजवटीत एका काउंटच्या घराण्याची होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, घराणं निघून गेलं, आणि जमीन 'निर्वासितांची मालमत्ता' ठरून सरकारच्या कस्टोडियनकडे आली. म्हणजे भाटकार (जमीनदार) गेला आणि त्याच्या जागी सरकार भाटकार झालं. राहणारे तेच, कसणारे तेच, नावावर काही नाही. घराची भिंत पावसात खचली तर दुरुस्तीआधी परवानगी, कर्ज काढावं तर तारण ठेवायला कागद नाही. बहिणीचा सासरा म्हणायचा, "गोवा मुक्त झाला, मये व्हायची आहे अजून." कायदा व्हायला २०१४ उजाडलं. सनदा हातात पडायला त्यानंतरही वर्षं गेली, आणि तोवर तो म्हातारा गेला होता. मधल्या काळात सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. जुन्या भाटकाराच्या दारात जाऊन निदान भांडता तरी यायचं. कस्टोडियनच्या दारात गेलं की साहेब मीटिंगला.

कोमुनिदादीचंही थोडं तसंच चाललंय. ती जमीन गावकऱ्यांची, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची सामायिक. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात कायदा दुरुस्त करून २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वी तिथे उभी राहिलेली घरं नियमित करायची वाट काढली गेली. त्या घरांत राहणाऱ्यांना उद्या रस्त्यावर काढा, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या खिशात हात घालून दानशूर होणं कोणालाही जमतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुमच्या घरात काय आहे ते सांगा. सांगतो.

माझे वडील कूळ होते. १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी 'फुला'वर शिक्का मारला, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी. 'दोन पानं', म्हणजे गोवा वेगळा ठेवायची बाजू, ३४ हजारांच्या फरकाने जिंकली, आणि वडील दोन दिवस जेवले नाहीत, असं आई सांगायची. (आज मला वाटतं, झालं ते बरं झालं. मुंबईत आमची दाद कोणी घेतली असती? हे त्यांच्या तसबिरीसमोर मोठ्याने म्हणत नाही.) आमच्या घरात गणपतीखालोखाल गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. मी ज्या मराठी शाळेत शिकलो ती त्यांच्या काळात उघडलेली. १९६४ च्या कूळ कायद्याने वडिलांना हुसकावणं बंद झालं, १९७६ च्या दुरुस्तीने कसलेली जमीन कुळांच्या मालकीची व्हायची वाट खुली झाली. तेव्हा शशिकलाताई मुख्यमंत्री होत्या. म्हणजे ज्या सहीची मला एवढी भीती वाटते, तसल्याच सहीवर आमच्या चुलीतला जाळ उभा आहे. हे मला माहीत आहे. त्या कायद्याविरुद्ध मी कधी एक अक्षर बोललो नाही, बोलणार नाही.

तरी त्याची दुसरी बाजू पाहिलीय. माझं आजोळ मांडवीकाठचं, खाजन शेतीचं. नदीचं खारं पाणी अडवणारा मातीचा बांध आणि पाणी आत-बाहेर करणारी मानस, ही सगळी गावकीची जबाबदारी. बांधाला खेकड्याचं भोक पडलं तरी रात्री माणसं धावायची. जमीन कुळांची झाली, गावकी मोडली, बांध मात्र कुणाचाच राहिला नाही. तो सरकारी खात्याकडे गेला. खात्याला भोक दिसायला अर्ज लागतो. मामाच्या शेतात आता खारफुटी आहे आणि बगळे आहेत, फोटो काढायला पर्यटक थांबतात. कायदा चुकला नव्हता. जुन्या घडीत अन्यायाबरोबर आणखी काय काय बांधलेलं होतं, ते सोडवून बाजूला ठेवायला कोणाला वेळ नव्हता, एवढंच.

झोन बदलाचं तुम्ही पेपरात वाचताच. गावाचा प्रादेशिक आराखडा करायचा म्हणजे वर्षानुवर्षं बैठका, हरकती, नकाशे. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, 'आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी'. मग एकेका सर्व्हे नंबरची चूक दुरुस्त होऊ लागली, आणि चमत्कार असा की दुरुस्त झालेली शेतं, बागायती नि डोंगर सेटलमेंट, म्हणजे बांधकामाच्या, झोनमध्येच जाऊन पडत. २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याआधी झोन बदलू देणारं ३९-अ हे नवं कलम येऊन बसलेलं होतंच. या प्रकाराविरुद्ध ग्रामसभेत सगळ्यात जास्त कोण ओरडतं माहितेय? आमच्या पलीकडच्या गावातला चर्चच्या फाबरीकचा (मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीचा) माणूस आणि मी. दोघेही म्हातारे, दोघेही जुन्या वळणाचे. क्रांतिकारक म्हणवणारे पोरगे त्या रविवारी क्रिकेट खेळत असतात.

नोकऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, वशिल्यासाठी माझ्याकडेही लोक येतात आणि मी दोनदा शब्द टाकलाही आहे. मराठीला गोव्याची राजभाषा करायच्या मागणीचंही थोडक्यात: झाली तर आनंद आहे. पण साडेचारशे वर्षं राजाश्रय नसताना ती कीर्तनात, भजनात, दशावतारात आणि जत्रेच्या नाटकांत जगली, आणि आता तिला मारतंय कोण, तर आमच्याच घरातली नातवंडांची शाळा निवडणारी बैठक. त्यावर अधिसूचना निघत नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला. रात्री जेवण झाल्यावर म्हणाला, "बाबा, नदीकडच्या तुकड्याला एक पार्टी आहे. झोन बदलून देण्याचं तेच बघतील." मी पेटी उघडली, वडिलांचे कुळाचे कागद काढले आणि त्याला १९९१ चा कायदा सांगितला: कूळ म्हणून मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. "म्हणजे आपली जमीन, आपल्या नावावर, आणि काय करायचं ते सरकार सांगणार? आणि तुम्हाला ते चालतं?"

मी म्हटलं, "चालतं."

"का?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आत्ताही नीट सुचत नाही. मी कागद परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोकडे दिली. मुलगा सकाळी नदीवर पोहायला गेला, त्याच तुकड्यावरून.