दोन तारखा

काल ईशाननं सहज विचारलं, "मावशी, यांचं भांडण झालंय का गं?" समोर स्क्रीनवर स्पेशल्स होते, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा बँड. जुलै १९८१, बीबीसी टीव्हीचा गाण्यांचा कार्यक्रम 'टॉप ऑफ द पॉप्स', त्यांचं गाणं 'घोस्ट टाउन'. "नाही रे, ते असेच दिसतात," म्हटलं आणि विषय बदलला. पण रात्री झोप नाही.

कारण भांडून झालं होतं. निर्णयसुद्धा झाला होता. गाणं पहिल्या नंबरावर, आणि त्याच कार्यक्रमाच्या ड्रेसिंग रूममध्ये टेरी हॉल, नेव्हिल स्टेपल आणि लिनव्हल गोल्डिंग यांनी बाकीच्यांना सांगितलं की आम्ही चाललो. हे मला कधीपासून ठाऊक आहे. तरी त्या चेहऱ्यांवर ते दिसतं का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आज सकाळपासून दुसरं काही केलेलं नाही. नेव्हिलकडे बघते, लिनव्हलकडे बघते. काही सापडत नाही. टेरीकडे बघून तर काहीच कळायचं नाही. १९७९ मध्ये 'गँगस्टर्स' गातानाही तो असाच उभा असायचा, जगावर रुसल्यासारखा.

खरं तर स्पेशल्सच्या रेकॉर्डिंग्जचं हे संकलन मी त्यांच्या रेडिओवरच्या वाजवण्यासाठी हाती घेतलं. बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील, त्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी केलेली तीन सेशन्स. बीबीसीच्या स्टुडिओत एक दिवस मिळायचा, साधारण चार गाणी वाजवायची, मिक्सिंगही त्याच दिवशी. वादकांच्या युनियनशी झालेल्या करारामुळे रेडिओवर रेकॉर्ड किती तास लावायच्या याला मर्यादा होती, म्हणून बँडना बोलावून वाजवून घेत. त्या कराराचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पहिलं सेशन ऐकताना मला अजून भरून येतं. जेरी डॅमर्सचा ऑर्गन, ब्रॅडबरीचे ड्रम्स, दोन मात्रांच्या मधे पडणारा गिटारचा तो ठोका. सात जण एका खोलीत, एकमेकांकडे कान लावून. (जेरीचा जन्म उटीचा. हे आईला सांगितल्यापासून ती त्याला 'आपला जेरी' म्हणते.)

प्रत्येक फाइलला तारीख द्यावी लागते आणि प्रत्येकीला दोन असतात. ते पहिलं सेशन वाजवलं २३ मे १९७९ ला, लोकांनी ऐकलं २९ मेला. मी वाजवल्याची तारीख धरते. लोकांपर्यंत पोचायच्या आधीच ते झालेलं असतं.

'घोस्ट टाउन'पाशी हा हिशोब बसत नाही. गाणं रेकॉर्ड झालं एप्रिलमध्ये, लेमिंग्टनच्या एका छोट्या स्टुडिओत. टीव्हीवर दिसतात ते जुलैचे चेहरे, टेपवर ओठ हलवणारे. मग त्या तिघांनी मनात ठरवलं ते कधी? एप्रिलच्या आवाजात ते होतं का? होतं, तर मला इतक्या वर्षांत ऐकू कसं आलं नाही?

नीलूनं फेब्रुवारीत ठरवलं होतं. मला मे महिन्यात कळलं. मधले होळीचे फोटो आहेत, पाडव्याचे आहेत, सगळ्यांत ती हसतेय आणि माझा हात तिच्या खांद्यावर. बाकीच्यांना माहीत होतं. आईलाही असावं. एकटी मीच सगळ्यांत शेवटी. माझ्याच बाबतीत का, हे विचारायला आता कुणी... असो.

दुपारी १९८१ ची सगळी नोंद पुन्हा लावायला बसले. त्या एप्रिलमध्ये इथं कॉव्हेंट्रीत एका आशियाई विद्यार्थ्याचा वर्णद्वेषातून भर दिवसा खून झाला. त्यानंतर २० जूनला बट्‌सच्या मैदानावर स्पेशल्सनी वंशद्वेषाविरुद्ध कार्यक्रम केला. बँड तोवर आतून विस्कटलेला होता. तरी आले, सगळ्यांनी वाजवलं. माझ्यासारख्या चेहऱ्याच्या माणसांसाठी, त्यांच्याच गावात. ते वाजवणं खोटं होतं असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. जायचं ठरवलेला माणूसही मन लावून वाजवू शकतो, तेव्हा त्या चेहऱ्यांवर मी शोधत होते ते बहुधा तिथं नव्हतंच. जे वाजवत होते, ते होतं.

पाडव्याला नीलूनं श्रीखंड स्वतः केलं होतं. वेलदोडा कुटून, केशर भिजवून. ते काही दाखवण्यापुरतं नव्हतं.

टेरी डिसेंबर २०२२ मध्ये गेला. त्याआधी २००९ ला टेरीसह बाकीचे पुन्हा एकत्र आले तेव्हा जेरी त्यांच्यात नव्हता. त्या वर्षांच्या रेकॉर्डिंग्जना मी अजून हात लावलेला नाही, घाईही नाही.

उद्या ८ नोव्हेंबर १९७९ चा 'टॉप ऑफ द पॉप्स' घ्यायचाय. एकाच भागात स्पेशल्स, मॅडनेस आणि सिलेक्टर. संकलन एका बँडचं आहे हे खरं, पण मी तिघांचीही गाणी ठेवणार आहे. त्या भागातून एकालाच उचलून वेगळं काढणं मला पटत नाही.