अर्ध्या ग्रॅमचा बुडबुडा

आज सकाळपासून एकाच आकड्यामागे होते. द्रव इपॉक्सी रेझिनची, म्हणजे गोंद आणि लेपांसाठी वापरतात त्या घट्ट द्रवाची, घनता. २५ अंशांना ती दर मिलिलिटरला १.१६ ग्रॅमच्या आसपास यायला हवी आणि माझी आली १.१४. तराजू तपासला, घनता-बाटली (ठरावीक मापाची, घनता मोजायची काचेची बाटली) पुन्हा धुऊन वाळवली, पाणी भरून वजन घेतलं. नुसत्या पाण्याचं २४.९१ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २५ मिलिलिटर, बाटली बरोबर होती.

मग खिडकीच्या उजेडात बाटली धरली, तेव्हा दिसले. काचेला चिकटून बसलेले बारीक बारीक बुडबुडे. हे रेझिन मधासारखं घट्ट, ओतताना हवा आत घेतं ती सोडतच नाही. सगळे मिळून अर्धा मिलिलिटरही नसतील, पण तेवढ्यानं वजनात अर्धा ग्रॅम गेला होता.

नमुना ५० अंशांपर्यंत गरम केला. गरम झालं की ते पातळ होतं आणि बुडबुडे वर यायला लागतात. किती सावकाश वर येतात ते! मी खरंच बघत बसले होते. मग बाटलीच्या कडेनं, अगदी बारीक धारेनं ओतलं आणि बाटली २५ अंशांच्या पाण्यात ठेवली. थंड होताना रेझिन आकसतं, म्हणून वरून थोडं भरावं लागलं. बूच लावल्यावर बाहेर आलेलं पुसून वजन केलं, नुसत्या रेझिनचं २८.९८ ग्रॅम.

१.१६!

वहीत सकाळचा आकडाही ठेवलाय, खोडला नाही. शेजारी कारण लिहिलं. बाटली अ‍ॅसिटोननं तीनदा धुतली तेव्हा सहा वाजून गेले होते.